बीजिंगमधल्या कसरतींच्या शोची तिकिटं आणि माझे १,२०० युआन

३१ वर्षं बँकेत कॅशवर बसलो. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही हसणारच आहात.

नोव्हेंबरात बीजिंगला होतो. आम्ही दोघं आणि मेव्हणी-साडू. संध्याकाळ मोकळी होती. गाईडबाई अ‍ॅक्रोबॅटिक्सचा शो माणशी ६०० युआनला देत होती, म्हणून म्हटलं आपले आपण जाऊ. थिएटरबाहेर झकास इंग्रजी बोलणारा चष्मेवाला पोरगा भेटला. "खिडकीवर फक्त चिनी ओळखपत्र चालतं. मी काढून देतो, ४८०, मधल्या रांगा." कानात ६०० घोळत असताना ४८० ऐकल्यावर तुम्हीही हेच केलं असतंत.

चौघांचे १,९२० युआन. रोख. इथे, अगदी इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती! ज्या शहरात भाजलेली रताळी विकणारी म्हातारीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, तिथे हा नोटा मागतोय. आणि मी काय केलं? दोनदा मोजून दिल्या, एखादी जास्त जाऊ नये म्हणून! त्याच्यामागे खिडकीच्या रांगेत दोन गोरे पासपोर्ट हातात धरून उभे होते. दिसत होते मला. तरीही.

तिकिटं खरी निघाली, तीच तर मेख. बाल्कनीत पार कडेला, पुढ्यात खांब. एका सायकलवर डझनभर मुली चढतात, त्यातल्या आमच्या वाट्याला चार आल्या. शेवटी लोखंडी गोलात मोटारसायकली फिरल्या, त्या आम्ही आवाजावरून मोजल्या. तिकिटावर किमतीच्या जागी स्टिकर होता. मेव्हणीने नखाने खरवडला. १८०. म्हणजे माणशी ३००, चौघांचे १,२०० युआन, आपले सुमारे चौदा हजार रुपये. तिकडे वुच्याओसारख्या ठिकाणी पोरं लहानपणापासून अंग मोडून या कसरती शिकतात, आणि मलई खातो दारातला दलाल.

खिडकीवरची बाई म्हणाली, आम्ही १८०लाच विकली. तिचं बरोबरच होतं म्हणा. चौकीत पावणेदोन तास गेले. मोबाईलवर भाषांतर करत एकेक प्रश्न: पावती? नाव? नंबर? अहो, पावती देणारा असता तर मी इथे कशाला आलो असतो! दारावर कॅमेरा आहे, फुटेज बघा म्हटलं, तर म्हणे, "शो बघायला मिळाला ना?" शेवटी हेल्पलाइनच्या नंबरची चिठ्ठी हातात दिली. तिथे अर्धा तास नुसतं संगीत. पुण्यात आल्यावर ट्रॅव्हल कंपनीचं उत्तर: "मोकळ्या वेळेची जबाबदारी प्रवाशाची." आणि त्या वेळेतला शो ६००ला विकायला मात्र तुमची गाईड हजर!

पासपोर्ट घ्या आणि स्वतः खिडकीवर जा. रोख मागितली की चालू पडा. हॉटेलच्या रिसेप्शनला भाव विचारायला दोन मिनिटं लागतात, मी ती वाचवली. आणि स्टिकर दिसला तर पैसे देण्याआधी खरवडा, नंतर नाही.

साडू अजून या विषयावर एक अक्षर बोललेले नाहीत. त्यांच्या वाट्याचे ९६० मी परत केले, तेही त्यांनी न बोलता खिशात घातले.