क्लॅटची घरगुती शिकवणी: नऊ महिने, आणि वर सीईटीचे दोन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आमच्या घरातलं जुनं ठाम मत. त्यामुळे लेकीने अकरावीत ‘मला लॉ करायचंय’ म्हटल्यावर माझ्या आईने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. आम्ही सांगलीचे, मी बँकेत. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांत कायदा शिकायला द्यावी लागणारी प्रवेश परीक्षा, हे मला तिनेच सांगितलं.

आधी एका मोठ्या क्लासच्या ऑनलाइन बॅचला घातलं. शंका चॅटमध्ये टाकायची, आणि तिचं उत्तर येईपर्यंत सर तीन उतारे पुढे गेलेले असायचे. दोन महिन्यांत सोडलं. उरलेली फी मागितली तेव्हा मिळालं ते फक्त गोड बोलणं. मग ओळखीतून एक मॅडम मिळाल्या. स्वतः इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्या. आठवड्याला तीन तास, तासाला ७०० रुपये, म्हणजे महिन्याला ८,४००. मार्च ते नोव्हेंबर २०२४ अशी शिकवणी चालली.

मला वाटलं होतं, मॅडम कायदा शिकवतील. पण क्लॅटला कायदा यावा लागत नाही. दोन तास, १२० प्रश्न, आणि जवळपास सगळे साडेचारशे-साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर. कायद्याच्या भागातही लागणारं तत्त्व उताऱ्यातच दिलेलं असतं, तेवढंच धरून उत्तर द्यायचं. आमची गाडी नेमकी इथेच अडायची. एका उताऱ्यात होतं की अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातच रद्दबातल. प्रश्नातल्या सतरा वर्षांच्या पोराने वय खोटं सांगून कर्ज काढलेलं. लेकीने ठोकून लिहिलं, ‘फेडावंच लागेल, त्याने फसवलंय.’ चूक. मॅडमनी तिला १९०३ चा मोहरी बीबी खटला गोष्टीसारखा सांगितला. कलकत्त्यातल्या एका अज्ञान मुलाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली होती आणि प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, ते गहाणखत रद्दबातल ठरवलं. त्यानंतर त्यांनी तिला विचारलं, “तुझा राग उताऱ्यात कुठल्या ओळीत लिहिलाय, दाखव.” हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. भाजी खारट झाली तरी.

माझे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते चुकांच्या वहीत. दर रविवारी मॉक म्हणजे सराव परीक्षा, सोमवारी तासभर फक्त चुकलेले प्रश्न. नुसतं बरोबर उत्तर सांगून मॅडम सोडायच्या नाहीत. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायला लावायच्या: उतारा नीट वाचला नाही, स्वतःचं मत घुसडलं, दोन पर्यायांत अडकून घाईने टिक केलं, की वेळच संपला. जूनमध्ये वही चाळली तर निम्म्याहून जास्त चुका ‘स्वतःचं मत’ या एकाच खात्यात. क्लॅटला चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून अंदाजपंचे टिक करणं बंद करायला लावलं. पहिल्या मॉकला ५२ गुण होते, नोव्हेंबरात ८० च्या आसपास स्थिरावले.

आता उणी बाजू. गणिताचे प्रश्न दहा ते चौदाच असतात, पण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “गणित माझ्याच्याने होणार नाही.” टक्केवारी, गुणोत्तर, नफा-तोटा मीच शिकवलं, जेवणं झाल्यावर. चालू घडामोडींसाठी तासाला ७०० मोजणं मात्र शुद्ध उधळपट्टी. तो भाग रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र वाचूनच होतो, आणि हे मला ऑगस्टमध्ये कळलं. शिवाय मॅडमची कोर्टातली तारीख लांबली की तास रद्द. बहुतेक भरून दिले, पण परीक्षेच्या तोंडावर लागोपाठ दोन गेले तेव्हा घरात वातावरण तंग होतं.

१ डिसेंबरला पुण्यात पेपर झाला. मग भलतंच घडलं. उत्तरतालिकेवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, एका न्यायमूर्तींनी दोन प्रश्नांची उत्तरं चूक ठरवली, पुढे सर्वोच्च न्यायालय, आणि मे २०२५ पर्यंत सगळं लटकलेलं. गुण थोडे हलले तरी क्रमांक किती सरकतो हे बघत लेक पाच महिने बसली होती. आई म्हणाली, “सांगितलं होतं ना मी, पायरी चढू नका.” राष्ट्रीय विधी विद्यापीठ शेवटी मिळालं नाही.

बारावीचा बोर्डाचा शेवटचा पेपर होताच त्याच मॅडमकडे सीईटीची, म्हणजे राज्यातल्या लॉ कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेची, तयारी केली, आठवड्याला दोन तास. इथे एक गंमत झाली. सीईटीला चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण नऊ महिन्यांची सवय अशी की पहिल्या मॉकला तिने सतरा प्रश्न कोरे सोडले. येत नसेल तरी काहीतरी टिक कर, हे पुन्हा शिकवावं लागलं. सीईटीत थेट माहितीचे प्रश्न जास्त, राज्यघटनेची कलमं, गाजलेले निकाल, आणि तिथे मॅडम खुलल्या. कोर्टात रोज जाणाऱ्या माणसाकडून जगण्याच्या हक्काचं कलम २१ ऐकणं आणि पीडीएफमधून पाठ करणं यात फरक आहे. लेक आता पुण्यात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे.

मुलगा किंवा मुलगी मुळात वाचणारी असेल आणि तरी मॉकमध्ये गुण हलत नसतील, तर अशी शिकवणी जरूर लावा. इंग्रजी उताराच जड जात असेल तर आधी सहा महिने नुसतं वाचन करा, ते फुकट आहे. पैसे महिन्याचे आगाऊ देऊ नका, तासाचे द्या. आणि आम्ही केली ती चूक करू नका: मार्च ते जून ती वाचायचा वेग वाढवत होती, ते घरी बसूनही झालं असतं. चुकांची वही खरी भरायला लागली ती जूनमध्येच. त्याआधी आठवड्याला एकच तास ठेवला असता, तर पहिल्या तीन महिन्यांत १६,८०० रुपये वाचले असते.