बीएमआय सारखा, शरीर वेगळं: व्यायाम करणारे तरुण आणि बैठे तरुण

"वजन तर नॉर्मल आहे, मग व्यायाम कशाला?" असं विचारणाऱ्या विशी-तिशीतल्या प्रत्येकाला मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचं उदाहरण देतो. २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या दोघांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. याज्ञिकांची धावपळ रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरती, असं त्या लेखातच लिहिलंय. दोघं काही पंचविशीचे नव्हते, आणि फरकाचं कारण एकटा व्यायामही नव्हे. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, याचीही नोंद तिथे आहे. पण दिसायला बारीक आणि आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची नेहमीची अंगकाठी. म्हणून बैठेपणा आपल्याला अधिक महागात पडतो.

आता पंचविशीतले दोन पुरुष शेजारी उभे करू. दोघांची उंची १७० सेंमी, वजन ६५ किलो. नियमित व्यायाम करणाऱ्याची चरबी १८ टक्के धरली आणि बैठ्याची २८, तर एकाच्या अंगावर ११.७ किलो चरबी आहे, दुसऱ्याच्या १८.२. साडेसहा किलोंचा फरक, आणि वजनकाट्याला त्याचा पत्ताच नाही! बैठ्याच्या अंगात तेवढेच स्नायू, पाणी आणि हाड कमी. (बायकांमध्ये चरबीचं प्रमाण निसर्गतःच जास्त असतं, त्यांनी हे आकडे स्वतःला लावू नयेत.)

चरबी किती, याइतकंच ती कुठे साठते हेही महत्त्वाचं. बैठ्या माणसात ती पोटाच्या आत, यकृतात साठत जाते आणि रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. जेवणानंतर रक्तातली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायूंचं असतं. रोज वापरातले स्नायू ते चोख करतात. नुसते बसून राहिलेले करत नाहीत. हाडांचंही तसंच: त्यांची कमाल घनता तिशीच्या आसपासपर्यंत कमवायची असते.

"स्नायू वाढले की बसल्या जागी कॅलरी जळतात" हे मात्र फार फुगवून सांगितलं जातं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम १३ कॅलरी खर्च करतो.

मग चालणं की वजन उचलणं? जागतिक आरोग्य संघटना दोन्ही सांगते: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काही. हातपाय बारीक पण पोट सुटलेलं असेल, तर मी म्हणेन आधी ताकदीकडे वळा. जोर-बैठका चालतील, जिम लावलीच पाहिजे असं नाही. वजनच जास्त असेल तर चालण्यापासून सुरुवात सोपी जाते.

जिममधल्या चरबी सांगणाऱ्या काट्यावर फार विसंबू नका. शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं की त्याचा आकडा हलतो. साधी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही धोक्याची रेघ. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वजन तेवढंच राहून कंबर उतरली असेल, तर जे करताय ते सोडू नका.