दहा बाय दहाची बेडरूम आणि पर्समधला कॅमेरा: नऊ महिने वापरल्यावर

"फोटोत इथे एल-सोफा बसेल असं वाटलं होतं हो. इथे तर आमचा टीपॉयही अडेल." कासारवडवलीच्या एका वन बीएचकेच्या हॉलमध्ये उभं राहून एक काका मला हे म्हणाले. रविवार मोडून, मेट्रोच्या पत्र्यांमधून वाट काढत आले होते बिचारे. फोटो मीच काढलेले, फोनच्या ०.५ वर, म्हणजे सगळ्यात रुंद घेणाऱ्या लेन्सवर. काकू तर आत बेडरूम बघायलाही गेल्या नाहीत.

ठाण्यात रिसेल आणि भाड्याच्या फ्लॅटचं काम मी बारा वर्षं करतेय. फोटोग्राफर नाही. पण त्या दिवशी घरी येऊन भाच्याला विचारलं, तेव्हा त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. फोनची ०.५ वाली लेन्स साधारण १३ मिमीची. मिमीचा आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त रुंद मावतं. भिंतीपासून दहा फुटांवर उभं राहिलं तर ती सत्तावीस फूट रुंदी फोटोत घेते. २४ मिमीची लेन्स तेवढ्याच अंतरावरून पंधरा फूट घेते. दहा बाय दहाच्या खोलीला पंधरा फूट पुरतात. सत्तावीस घेतले की कडेचा पलंग लांबतो आणि समोरची भिंत पार उल्हास खाडीपर्यंत मागे जाते.

आता कोणी म्हणेल, फोनचा मेन कॅमेराही २४-२६ मिमीचाच असतो, मग वेगळा खर्च कशाला? मीही आधी तेच म्हटलं आणि चार महिने त्यावर काढले. अडचण निघाली रंगाची. फोन प्रत्येक फोटोत स्वतःचं डोकं चालवतो. हॉलची भिंत क्रीम, तोच रंग बेडरूममध्ये निळसर, किचनमध्ये पिवळा. एका मालकाने विचारलंच, "मॅडम, दोन वेगवेगळ्या घरांचे फोटो टाकलेत का?"

फोर्टला बोरा बाजारात जाऊन सेकंडहँड कॅमेरे बघितले. एका दुकानदाराने चाळीस एक्स झूमवाला पुढे केला. झूम घेऊन मी काय समोरच्या विंगमधल्या काकूंची फोडणी बघू? असल्या झूमवाल्यांत सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, बहुतेक वेळा बारीक असतो. एक इंची सेन्सर त्याच्या जवळजवळ चौपट मोठा, म्हणून तो पक्का धरला. सोनी आरएक्स१०० बघत असाल तर एक जपा: पहिली दोन मॉडेल्स २८ मिमीपासून सुरू होतात, तिसऱ्यापासून २४ मिळते. नाव एकच असल्यामुळे माणूस फसतो. मी शेवटी कॅनन जी७ एक्स मार्क २ घेतला. २०१६ सालचं मॉडेल, २४ ते १०० मिमी, २० मेगापिक्सेल, वजन ३१९ ग्रॅम. पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्यांशेजारी बसतो.

पहिला महिना वाया गेला, कारण मी तो डोळ्यांच्या उंचीवर धरून खाली वाकवत होते. मग सगळे दरवाजे खालच्या बाजूला निमुळते दिसायचे. आता ट्रायपॉड साधारण चार फुटांवर, स्क्रीनवरची लेव्हलची रेघ हिरवी झाली की मगच फोटो. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम झालं. एफ ५.६ (लेन्स किती उघडायची), आयएसओ १२५ (सेन्सर उजेडाला किती तिखट), आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा याची सेटिंग, एकदा ठरवून संपूर्ण फ्लॅटभर तोच. ऊन असेल तर घरातले दिवे बंदच ठेवते, कारण खिडकीचा उजेड आणि पिवळा एलईडी एका फोटोत आले की भिंतीवर डाग पडल्यासारखे दिसतात.

घोडबंदरला डोंगराकडे तोंड असलेल्या फ्लॅटचा खरा माल म्हणजे ती बाल्कनी. घरातला उजेड पकडावा तर बाहेरचा येऊरचा डोंगर पांढराफटक, येऊर पकडावा तर हॉल गुहा. यासाठी ब्रॅकेटिंग: कॅमेरा एकामागोमाग तीन फोटो घेतो, एक बरोबर, एक दोन स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) गडद, एक दोन स्टॉप उजळ, आणि भाचा ते कॉम्प्युटरवर जोडून देतो. फक्त आधी पंखा बंद करा. एकदा विसरले, तर जोडलेल्या फोटोत छताला बारा पात्यांचा पंखा लटकत होता. वाऱ्याने हलणारे पडदेही बांधून ठेवा. आणि कपाटाच्या आरशात स्वतःला शोधा. वाघबीळच्या एका लिस्टिंगमध्ये मी आठवडाभर ओढणीसकट उभी होते.

गैरसोयीही आहेत. वर फ्लॅश लावायला जागा नाही, व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे उन्हात बाहेरून बिल्डिंगचा फोटो घेताना स्क्रीनवर हाताची सावली धरावी लागते. बॅटरी कंपनीच्या हिशेबाने २६५ फोटो. ब्रॅकेटिंगमध्ये प्रत्येक कोनाला तीन जातात, म्हणजे चार फ्लॅटमध्ये खलास. स्वस्तातली दुसरी बॅटरी घेतली, ती दोन महिन्यांत फुगली. पुढची ओरिजिनल घेतली. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीच न सुधारलेला फोटो, उघडली की कडेच्या रेषा फुगीर दिसतात, घाबरू नका, सॉफ्टवेअरमध्ये लेन्सचं प्रोफाइल लावलं की सरळ होतात. नेहमीच्या जेपेग फोटोत कॅमेरा स्वतःच सरळ करून देतो.

एक घोळ मात्र मी स्वतः घातला. एका फ्लॅटमध्ये सुतार प्लाय कापत होते, आणि मी तिथेच कॅमेरा चालू-बंद करत बसले. लेन्सची नळी आत-बाहेर होताना धूळ ओढून घेते. सेन्सरवर एक ठिपका बसला, तेव्हापासून पांढऱ्या छतावर माशी बसल्यासारखा दिसतो आणि प्रत्येक वेळी पुसावा लागतो. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे घरी साफ करण्याचा प्रश्नच नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ठिपक्याशी जमवून घेतलं. पावसाळ्यात कॅमेरा मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. ठाण्याच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

२४ मिमी फक्त एका ठिकाणी कमी पडते: चार बाय सहाचं बाथरूम. तिथे सोनीचा झेडव्ही-१ मार्क २ बरा, तो १८ मिमीपासून सुरू होतो. पण तो २०२३ चा, सेकंडहँडही महाग. तोवर कमोडचं झाकण बंद करून, बादली बाहेर ठेवून, पॅसेजमध्ये पाठ भिंतीला टेकवून दारातूनच काढते.