झेरमॅटमध्ये पायी फिरायचं की ई-टॅक्सी घ्यायची?

स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅट गावात पेट्रोल-डिझेलची गाडी आत नेता येत नाही, गाडी अलीकडच्या टेश गावात पार्क करायची आणि तिथून १२ मिनिटांची शटल ट्रेन. स्टेशनबाहेर आलात की छोट्या डब्यासारख्या चौकोनी इलेक्ट्रिक टॅक्स्या उभ्या दिसतात, आणि मग प्रश्न पडतो, चालायचं की बसायचं?

माझं मत चाला! मेन रोड बानहोफश्ट्रासे सरळ चर्चपर्यंत जातो, नदीवरच्या पुलावर थांबून मॅटरहॉर्नचं शिखर बघायचं, टॅक्सीतून हे सगळं एका झटक्यात मागे पडतं राव. गोरनरग्राटच्या डोंगरमाथ्यावर जाणारी ट्रेन तर स्टेशनच्या समोरूनच सुटते, तिथे टॅक्सी कशाला. फक्त कान उघडे ठेवा, या टॅक्स्या आवाज न करता मागून येतात, मी एकदा फोटो काढता काढता जवळजवळ आडवा झालो असतो.

पण सोबत आई-बाबा आणि दोन मोठ्या बॅगा असतील आणि हॉटेल वरच्या चढावर असेल तर हट्ट करू नका, गाव १,६०० मीटरवर आहे, दम लागतो, बर्फात तर बॅगेची चाकं नुसती घसरतात. बुकिंग करतानाच हॉटेलला विचारा, बऱ्याच जणांची स्वतःची ई-गाडी असते घ्यायला. नाहीतर इलेक्ट्रिक बसही आहे, टॅक्सीपेक्षा बरीच स्वस्त.