रंकाळा चौपाटीवरची लिंबू सोड्याची गाडी, लय भारी
संध्याकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर गेलात तर या गाडीवरचा लिंबू सोडा प्याच, लिंबू तुमच्यासमोर कापून पिळतात, वर काळं मीठ आणि जिरेपूड टाकून सोडा ओतला की फेस पार काठावर येतोय. आंबटपणा खऱ्या लिंबाचा, म्हणजे सायट्रिक अॅसिडच, बाटलीतल्या लेमन ड्रिंकवर ३३० नंबर लिहिलेला असतो ना तेच. कोलात मात्र ३३८, फॉस्फोरिक अॅसिड, त्यानं एवढी साखर असून पण चव मिळमिळीत गोड लागत नाही आणि जंतू पण सहज वाढत नाहीत, उगाच घातलेलं नसतंय ते. पण कोलाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अॅसिड जास्त) साधारण २.५ आणि दाताचं इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर, ५.५ च्या खाली विरघळायला लागतंय, त्यामुळं कुठलंच आंबट पेय घोट घोट करत तासभर पिऊ नका, लिंबू सोडा पण नको, तो पण अॅसिडच की! पिऊन झालं की साध्या पाण्यानं चूळ भरा, लगेच ब्रश करू नका. मिसळ खाऊन आल्यावर तर हा सोडा म्हणजे नाद खुळा. फक्त गाडीवाल्यांनो, ग्लास जरा नीट धुवा राव, बारकी पोरं पण येतात प्यायला.