बॅरलचा रंग: कोणता टिकतो, कोणता सोलतो

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो. कमरेला चामड्याच्या होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर असेल तर घामाचं मीठ आणि चामड्यात मुरलेली ओल बॅरलला चिकटून बसते, आणि साध्या ब्लूइंगवर (पोलादावर रसायनाने आणलेल्या काळ्या-निळ्या थरावर) काही दिवसांतच तांबूस ठिपके उगवतात. मग ‘काहीतरी पक्कं मारून घेऊ, जरा रंगीत’ असं मनात येतं. बाजारात त्यासाठी चार-पाच पर्याय आहेत. सगळेच ‘लाइफटाइम’ म्हणून विकले जातात.

शेड कार्ड उघडण्याआधी एक बघायचं: बॅरल जागेवर घट्ट आहे की प्रत्येक फैरीला हलतं? .३२ रिव्हॉल्व्हरचं बॅरल फ्रेममध्ये आटे देऊन पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे त्याला होल्स्टरचीच काय ती घासण. ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलात मात्र बॅरल स्लाइडमध्ये मागे-पुढे सरकतं, खाली झुकतं. अशा बॅरलच्या तोंडाजवळ आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) डोक्यावर कुठलाही फवारलेला रंग उडणारच. त्यात कारागिराचा दोष नसतो.

ब्लूइंगचं आटोपतं घेऊ. गरम ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंशांच्या द्रावणात भाग बुडवणं. पोलादावर काळ्या लोह-ऑक्साइडचा जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) थर येतो. माप बदलत नाही, दिसायला त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, पण रंग काळा-निळाच. गंज थोपवतं ते त्यात मुरलेलं तेल. तेल पुसलं गेलं की ब्लूइंगचा उपयोग संपला. बाटलीतलं कोल्ड ब्लूइंग ओरखडा झाकण्यापुरतं ठीक, अख्ख्या बॅरलला नको.

पावडर कोटिंगचा मोह आपल्याकडे जास्त, कारण भट्ट्या जवळपास असतात आणि कपाटांपासून गेटपर्यंत सगळं तिथेच रंगतं. बॅरलसाठी तो चुकीचा पर्याय. थर ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो. त्यात कोरलेली अक्षरं बुजतात, साइटची (नेम धरायच्या खुणेची) खाच भरते आणि कडेला टवका उडाला की पापुद्रा सोलत जातो. भट्टी १८० ते २०० अंशांची असते. सॉफ्ट सोल्डर १८३ अंशांपासून वितळायला लागतं, म्हणजे साइट किंवा पट्टी तशी डाखलेली असेल तर ती भट्टीतच निसटते. शिवाय परवान्याच्या हत्याराची दुरुस्ती किंवा त्यात फेरबदल करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना लागतो. कोटिंगवाला कितीही ओळखीचा असला तरी रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे ठेवून येणं अंगाशी येईल. काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्यामार्फतच द्या.

घट्ट बॅरलसाठी आमची पसंती सिरॅमिक कोटिंगला. सेराकोट हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. भट्टीत पकवायच्या एच सिरीजचा थर २५ मायक्रॉनच्या आसपास, रंग भरपूर, आणि १२१ अंशांवर २ तासांत पक्का होतो. एवढ्या तापमानात सोल्डरलाही धक्का नाही आणि पोलादाच्या पाण्यालाही. सी सिरीज हवेत सुकते, पण पूर्ण पक्की व्हायला ५ दिवस लागतात. तिचं खरं बळ जास्त उष्णता सोसण्यात आहे. एक-एक गोळी सावकाश झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला त्याची गरज नाही.

यात रंगापेक्षा तयारीचं काम मोठं, आणि बिघडतंही तिथेच. बॅरल आधी अॅसिटोनमध्ये भिजवून धुवायचं, मग सुमारे १५० अंशांवर तासभर तापवायचं. साइटच्या खाचेत, फ्रेमच्या सांध्यात लपलेलं जुनं तेल या वेळी बाहेर येतं आणि खाचेभोवती तपकिरी कडं उमटतं. ते दिसलं की पुन्हा धुणं, पुन्हा तापवणं, कडं उमटायचं थांबेपर्यंत. ही पायरी गाळली तर तेच तेल रंग पकताना वर येतं आणि नेमका साइटच्या बुडाशी फोड धरतो. त्यानंतर १०० नंबरच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडने ८० ते १०० पीएसआयवर ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं. पृष्ठभाग एकसारखा भुरकट-राखाडी दिसला पाहिजे. चमकणारा डाग राहिला तर तिथे रंगाला पकड नाही. ब्लास्टिंगआधी नळीची दोन्ही टोकं सिलिकॉनच्या बुचांनी बंद हवीत. नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांना किंवा तोंडाच्या कडेला हे कण लागले की नेम गेला, आणि तो कुठल्याही रंगाने परत येत नाही. यापुढे उघडा हात लावायचा नाही. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं पोलाद रात्रभर ठेवलं तर सकाळी गंजाची झाक येते, म्हणून त्याच दिवशी फवारा. मिश्रण १८ भाग रंगाला १ भाग हार्डनर. अंदाजपंचे ओतलं की चकाकी आणि टणकपणा दोन्ही बदलतात.

पांढरा, पिवळा, फिकट गुलाबी रंग रिव्हॉल्व्हरला घेऊ नका. सिलिंडर आणि बॅरलच्या फटीतून प्रत्येक फैरीला तापलेला वायू आणि काजळी बाहेर फेकली जाते, तिथे फिकट रंग कायमचा कळकट होतो. गर्द हिरवा, तांबूस तपकिरी, ग्रॅफाइट राखाडी हे रंग निभावून नेतात.

हलणाऱ्या बॅरलला नायट्रायडिंग (पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) किंवा पीव्हीडी (निर्वातात वाफेतून पातळ थर चढवणं). क्षारकुंडातलं नायट्रायडिंग ५७० ते ५८० अंशांवर होतं. त्यात वर थर चढवायचा नसून पोलादाचा पृष्ठभागच कठीण होतो, त्यामुळे सोलण्याचा प्रश्न येत नाही. रंग फक्त काळा. सोनेरी हवा असेल तर पीव्हीडीने चढवलेलं टायटॅनियम नायट्राइड, तेच जे ड्रिल बिटांवर दिसतं. थर २ ते ४ मायक्रॉन, पण अत्यंत कठीण. तोटा एवढाच की तो खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतो. पॉलिशमध्ये राहिलेला प्रत्येक ओरखडा सोन्यातून डोकावतो. कामाचा दर भट्टीच्या अख्ख्या घाण्यावर ठरतो, त्यामुळे एकट्या नगाला परवडत नाही.

१० मीटरच्या एअर पिस्तुलाचा मामला निराळा. बॅरलवरचं अॅल्युमिनियमचं आवरण रंगीत अॅनोडाइझ करता येतं (विजेने ऑक्साइडचा थर वाढवून त्यात रंग मुरवणं), थर १० ते २५ मायक्रॉन, लाल-निळं झकास दिसतं. रंग भरल्यावर उकळत्या पाण्यात सीलिंग नीट झालं नसेल तर रंग उतरतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा, फडक्यावर छटा आली तर काम परत करा. आतली पोलादी नळी अॅनोडाइझ होत नाही, कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर दुकान बदला. आणि २०० बार हवेचं सिलिंडर ना ब्लास्टिंगला द्यायचं, ना भट्टीत घालायचं. ते काढून घरीच ठेवा.

ताबा घेताना अॅसिटोनचा बोळा बॅरलच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला पंचवीसेक वेळा फिरवा. बोळ्यावर रंग उतरला तर भट्टीत पुरतं पकलेलं नाही. हत्याराच्या नंबरावर नख फिरवून अंक स्पष्ट लागतात का बघा आणि परवान्याशी ताडून घ्या. नंबर खोडणं, बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि रंगाखाली अर्धवट बुजलेला ८ नाक्यावरच्या हवालदाराला ३ दिसतो.