टस्कनी, पुलिया की साउथ टिरोल? लहान मुलांना घेऊन इटलीत शेतावर राहायचं असेल तर

इटलीत शेतावर राहायचं म्हटलं की सगळे डोळे मिटून टस्कनी बुक करतात, पण मुलं सहा वर्षांच्या आतली असतील तर माझ्या मते टस्कनी तिसऱ्या नंबरवर. ती उंच सायप्रेसची झाडं नि वाइन आईबाबांसाठी आहे हो. टस्कनीतल्या कियांती भागात शेत म्हणजे बहुतेक द्राक्षं आणि ऑलिव्ह, गायी-बकऱ्या असतीलच असं नाही, रस्ते वळणावळणाचे, शेवटचा तुकडा बऱ्याचदा खडीचा, दूध आणायलाही गाडी काढावी लागते, आणि मागे गाडी लागणारं पोरगं असेल तर झालंच. स्विमिंग पूल असतो पण त्याला कुंपण आहे का ते आधी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये ३५ अंश सहज होतं, आणि सीझनला बरेच जण शनिवार ते शनिवारच बुकिंग घेतात.

साउथ टिरोल एकदम वेगळं. उत्तरेला, डोलोमाइट्स डोंगरांच्या कुशीत, बहुतेक लोक घरी जर्मन बोलतात. तिथे शेतकरी संघटनेचा रोटर हान म्हणजे लाल कोंबड्याचा ब्रँड आहे, त्यातली शेतं खरोखर चालू असतात, दर्जा स्टारऐवजी फुलांनी दाखवतात. बऱ्याच ठिकाणी गोठा, कोंबड्या, ससे, मुलं सकाळी अंडी गोळा करायला पळतात, तुम्ही चहा पीत बसा. बस-ट्रेनही चांगल्या आहेत, अनेक ठिकाणी त्यांचा पास राहण्यासोबतच मिळतो. समुद्र मात्र विसरा.

दक्षिणेला पुलियात ओस्तुनी ते फासानो पट्ट्यात जुन्या ऑलिव्हच्या बागा आणि मास्सेरिया, म्हणजे दगडी वाड्यासारखी मोठी शेतघरं. जमीन सपाट, समुद्र जवळ, तोर्रे कान्नेसारखे वाळूचे किनारे, शंकूच्या छपरांच्या घरांचं अल्बेरोबेल्लो गाव मुलांना भारी आवडतं. फक्त बघून घ्या, काही मास्सेरिया आता शेत कमी आणि महागडं हॉटेल जास्त झाल्यात. गाडी इथेही हवीच.

खरा निर्णय शाळेची सुट्टी करते. महाराष्ट्रातून मे महिन्यात जाणार असाल तर पुलिया घ्या, हवा छान असते, समुद्राचं पाणी जरा गार. साउथ टिरोलला तेव्हा गायी वरच्या कुरणात गेलेल्या नसतात (त्या साधारण जूनमध्ये जातात) आणि बऱ्याच केबल कार बंद असतात. म्युनिककडे राहणाऱ्या मराठी मंडळींना उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रेनर घाट ओलांडून साउथ टिरोलच सोयीचं, तिथून पुलियासाठी विमान बघत बसू नका.

कुठेही जा, किचन असलेलं अपार्टमेंटच घ्या. रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी साडेसात-आठशिवाय मिळत नाही आणि आपली पोरं सहालाच भुकेली. बाहेर खायची वेळ आलीच तर 'पास्ता इन ब्यांको' मागा, बटर नाहीतर ऑलिव्ह ऑइल घातलेला साधा पास्ता, मेनूत नसला तरी देतात. वरण-भाताचं सामान न्या, पण तुपाचा डबा घरीच ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.